चौपालीवरची निवडणूक

ताऊजींच्या बोलण्यात सन कधी येत नसे. काळ सांगायचा झाला की ते निवडणूक सांगत. थोरला मुलगा बैलजोडीच्या दुसऱ्या निवडणुकीला जन्मला. शेतात बोअर बसली ती बैलजोडी मोडली त्या साली. धाकटीचं लग्न हलधरच्या निवडणुकीनंतर, गहू निघाल्यावर. बैलजोडी म्हणजे काँग्रेसचं १९६९ च्या फुटीपर्यंतचं चिन्ह. हलधर म्हणजे चक्रातला नांगरधारी शेतकरी, भारतीय लोकदलाचं चिन्ह. १९७७ मध्ये घाईने एकत्र आलेल्या जनता पक्षाने उत्तरेत याच चिन्हावर निवडणूक लढवली. माझ्या आजोळी, सांगोला तालुक्यात, म्हातारी माणसं काळ मोजायची ती दुष्काळांवरून. बहात्तरच्या आधी, बहात्तरच्या नंतर. मुरादनगरच्या मुलखात गंगेचा कालवा बारमाही वाहतो, तिथे दुष्काळाची आठवण कुणाला फारशी नव्हती. तिथल्या काळात खुणेचे दगड रोवले होते ते निवडणुकांनी.

ताऊजी आमच्या नात्यातले नव्हते. माझे वडील खडकीहून बदली होऊन मुरादनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आले, तेव्हा गाझियाबाद हा जिल्हासुद्धा झालेला नव्हता. सगळा मुलूख मेरठ जिल्ह्यात होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली उभा राहिलेला हा पोलादी ओतकामाचा कारखाना, त्याला लागून कामगारांची वसाहत, एका अंगाला दिल्ली-मेरठ रस्ता, दुसऱ्या अंगाला गंगनहर आणि तिच्यापलीकडे नजर पोचेल तिथवर ऊस. कालव्यापलीकडच्या गावातून ताऊजी सायकलला कॅन लावून दूध घालायला येत. आई त्यांना भाईसाहब म्हणे, आम्ही मुलं ताऊजी. दूध घालून झालं की ते ओट्यावर टेकत. बाबांची पहिली पाळी असली की दोघांच्या गप्पा अंधार पडेपर्यंत चालत. बाबांचं हिंदी मोडकं, ताऊजींची बोली खडी, 'म्हारा-थारा'ची. तरी दोघांना एकमेकांचं सगळं कळे. मी उंबऱ्यात बसून ऐकायचो. पुढे मोठा झाल्यावर त्यांच्या गावात, त्यांच्या घेरातल्या, म्हणजे गुरांच्या आवारातल्या, खाटेवर बसून तेच सगळं पुन्हा विचारून घेतलं. ऐकताना एक लक्षात आलं, की कोण जिंकलं हे ताऊजी शेवटी सांगत, कधीकधी सांगायचं राहूनच जाई. प्रचाराला आलेल्या माणसाबरोबर गावाने काय केलं, हे मात्र ते तपशिलाने सांगत.

उमेदवार येणार असला की आदल्या दिवशी चौपाल, म्हणजे गावाची एकत्र बसण्याची जागा, सारवली जाई. घराघरांतून खाटा येत, मूढे येत. मूढा म्हणजे सरकंड्याचा विणलेला, पाठ असलेला बसका. त्यातला सगळ्यात चांगला मूढा पाहुण्यासाठी आणि तो कुणाच्या घरचा यावरूनही मानापमान होत. हुक्क्याला नवं पाणी भरलं जाई. उमेदवार यायचा तो गावाच्या शिवेपर्यंत जीपने, पुढे पायी. आल्यावर त्याने लगेच भाषण करायचं नाही, हा रिवाज होता. आधी बसायचं, मट्ठा प्यायचा, गूळ खायचा. मग गावातले चार म्हातारे बोलणार आणि उमेदवाराने ऐकायचं. यंदा उसाचं पाणी किती पाळ्यांनी कमी पडलं, मोदीनगरच्या साखर कारखान्याकडे किती पैसे अडकलेत, कुणाच्या घरात मयत झाली, कुठल्या दोन भावांत बांधावरून वितुष्ट आलंय. हे भांडण उमेदवारापुढेच निघे. पाहुणा बाहेरचा, म्हणून निवाडा त्यानेच द्यावा असा आग्रह होई. ताऊजी सांगत, एकदा असं झालं की उमेदवार दोन भावांचा समेट करण्यात इतका गुंतला की मतं मागायची विसरूनच पुढच्या गावाला गेला. गावाने त्याला मतं दिली.

मग थैली. हे मला सगळ्यात नवलाचं वाटे. पाहुणा उठायच्या आधी गावाने जमवलेले पैसे त्याच्या हाती दिले जात. प्रत्येक घरातून काहीतरी आलेलं असे. ज्याच्याकडे रोकड नाही त्याने गहू दिलेला, कोल्हूवाल्याने, म्हणजे गुऱ्हाळवाल्याने, गुळाची भेली. हे सगळं पुढाऱ्याला पाठवणीसारखं बांधून दिलं जाई. ताऊजींचं म्हणणं असं, की आपल्या पैशाने निवडून गेलेला माणूस आपल्या दारात मान खाली घालून येतो. हे ते अगदी साध्या सुरात सांगत, जणू बियाणं किती खोल टाकावं हे सांगताहेत.

रात्री भजनोपदेशक. महाराष्ट्रात हा प्रकार ठाऊक नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. आर्य समाजाने पश्चिम उत्तर प्रदेशात आणि हरियाणात गावोगाव हिंडणारे गवई प्रचारक तयार केले होते. एक पेटी, एक ढोलक, एखादा चिमटा. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, मुलींच्या शाळेसाठी, विधवाविवाहासाठी ही माणसं रात्र रात्र गात. निवडणुकीच्या दिवसांत त्यांतलेच काही प्रचाराला येत. पण थेट मत मागणारं गाणं रात्र सरता सरता यायचं. त्याआधी दोन-तीन तास नवऱ्याच्या दारूवर आणि लग्नातल्या उधळपट्टीवर. बाया छतांवर बसून ऐकत. बाबा यावर हमखास संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट काढत. अमर शेखांचा आवाज, अण्णा भाऊंची लेखणी, १९५७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले तो प्रचार. ताऊजी ऐकून घेत आणि विचारत, तुमच्याकडे दारूवर गात होते का? बाबा म्हणत, गाडगेबाबा होते ना, पण ते निवडणुकीत नव्हते. ताऊजींना हे पटत नसे. ज्याने गावाला शहाणं केलं त्यानेच मत मागायला यावं, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग ते ज्या माणसाकडे वळत तो माणूस म्हणजे चौधरी चरणसिंह. त्या मुलखात त्यांना नुसतं 'चौधरी साब' म्हणत आणि दुसरा कुणी त्या नावाने ओळखलाच जात नसे.

हापूडजवळच्या नूरपूरला २३ डिसेंबर १९०२ रोजी एका कुळाच्या घरात ते जन्मले. नूरपूर आज हापूड जिल्ह्यात आहे, पण १४ नोव्हेंबर १९७६ ला गाझियाबाद जिल्हा झाला तेव्हापासून २०११ पर्यंत ते गाझियाबादेतच होतं. आग्र्याला शिकून, वकील होऊन हा तरुण १९२८ मध्ये गाझियाबादला आला आणि १९३९ पर्यंत इथेच राहिला. आजचं गाझियाबाद पाहून त्या गावाची कल्पना येत नाही. हिंडनच्या काठचं, जुन्या वेशींच्या आतलं, रेल्वेच्या जंक्शनामुळे जरा गजबजलेलं ते तहसिलीचं ठिकाण. तिथे त्यांनी गावची काँग्रेस समिती उभी केली, आर्य समाजाचं काम केलं. त्यांच्या घरी स्वयंपाकाला वाल्मीकी समाजातला मुलगा होता, हे ताऊजींच्या वडिलांच्या पिढीने डोळे विस्फारून एकमेकांना सांगितलेलं. १९३० मध्ये दिल्लीच्या सीमेवरच्या लोणीत मीठ करून त्यांनी कायदा मोडला आणि सहा महिन्यांची शिक्षा भोगली. दांडीपासून इतक्या दूर, समुद्राचा वारासुद्धा लागत नाही अशा जागी, खाऱ्या मातीतून केलेलं ते मीठ. १९३७ च्या निवडणुकीत ते संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर गेले तेव्हा चौतिशीत होते.

लगेच पुढच्या वर्षी त्यांनी शेतमालाच्या बाजाराचं विधेयक मांडलं. मंडईत व्यापाऱ्याने मापात मारू नये, धर्मादायाच्या, हमालीच्या नावाखाली कापू नये म्हणून. ते तेव्हा संमत झालं नाही, पण ताऊजींच्या वडिलांना ते ठाऊक होतं. हापूडच्या मंडईत गुळाची गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला ते ठाऊक असणारच. १९४२ मध्ये भूमिगत होऊन गाझियाबाद, हापूड, मेरठ, मवाना भागातल्या गावांतून ते हिंडले. आणि तुरुंगात असताना त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव 'शिष्टाचार': कसं बसावं, कसं बोलावं, पंगतीत कसं वागावं. मला या पुस्तकाचं फार अप्रूप वाटतं. शेतकऱ्याच्या पोराला शहरातल्या माणसासमोर खाली मान घालून उभं राहावं लागू नये, ही त्यामागची तळमळ मला कुठल्याही जाहीरनाम्याहून मोठी वाटते.

पण गावाने त्यांना आपलं मानलं ते जमिनीमुळे. ताऊजींच्या घरी लोखंडी पेटीत तळाशी एक कागद होता, भूमिधरीची सनद. जमीनदारी मोडण्याच्या तयारीत, १९४९ मध्ये, कुळांना सांगण्यात आलं की वार्षिक खंडाच्या दहापट रक्कम भरा आणि भूमिधर व्हा. ताऊजींच्या वडिलांनी म्हैस विकली आणि ती रक्कम भरली. १ जुलै १९५२ पासून उत्तर प्रदेशात जमीनदारी संपली. त्या कायद्याच्या घडणीत चरणसिंहांचा वाटा मोठा. आपल्याकडे कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली, आणि माझ्या आजोबांच्या घरातही त्या काळचे कागद असेच जपून ठेवलेले. बाबा नि ताऊजी यांची खरी मैत्री जमली ती इथे. दोघांच्याही बापांनी उमेदीत दुसऱ्याचं शेत कसलं होतं.

पुढचा प्रसंग ताऊजी मिशीवर हात फिरवून सांगत. १९५३ मध्ये पटवाऱ्यांनी मागण्यांसाठी सामूहिक राजीनामे दिले, सुमारे २७ हजार. सरकार नमेल असा त्यांचा अंदाज. महसूलमंत्री चरणसिंहांनी राजीनामे मंजूर करून टाकले आणि त्यांच्या जागी लेखपाल नेमले, त्यात हरिजनांसाठी जागा राखून. कुळाची नोंद खोडणं-घालणं हा ज्यांच्या हातचा खेळ होता ते रातोरात गेले. कालव्यापलीकडच्या त्या गावात त्या दिवशी गूळ वाटला होता.

मग हाच माणूस प्रचाराला आला की काय करत असेल? ताऊजी सांगत, चौधरी साब रागवत. लांब भाषण, त्यात आकडेच आकडे. एका कुटुंबाकडे सरासरी जमीन किती, वाटण्या होत होत ती पुढच्या पिढीला किती उरणार. घरातल्या सगळ्या पोरांनी शेतीतच राहू नये, काहींनी तरी दुसरा धंदा धरावा, असं शेतकऱ्यांच्याच सभेत सांगणारा हा शेतकऱ्यांचा पुढारी. वरातीत माणसं कमी न्या. दारू पिऊ नका. जातीच्या नावाने संस्था काढू नका. यातलं शेवटचं त्यांनी स्वतः पाळलं होतं. जातीच्या नावाने चालणाऱ्या शाळेतली नोकरी त्यांनी तरुणपणीच नाकारली होती. बडौतचं जाट वैदिक कॉलेज पुढे जनता वैदिक कॉलेज झालं त्यामागेही हीच विचारसरणी. नोकरीची चिठ्ठी मागायला आलेल्याला ते भर सभेत झापत, असं ताऊजी अभिमानाने सांगत. ताऊजींच्या सख्ख्या चुलतभावालाच ती झापणी बसली होती.

मराठी वाचकाला त्यांची आठवण असेल ती १९५९ च्या नागपूर काँग्रेसमुळे. नेहरूंचा आग्रह असलेल्या सामुदायिक सहकारी शेतीच्या ठरावाला चरणसिंहांनी भर अधिवेशनात विरोध केला. छोट्या शेतकऱ्याचा बांध मोडू नका, ही त्यांची बाजू. आणि दुसरी आठवण १९७९ ची. २८ जुलैला ते पंतप्रधान झाले तेव्हा उपपंतप्रधान होते यशवंतराव चव्हाण. बाबांनी त्या दिवशी पेढे आणले. देवराष्ट्र्याचा शेतकऱ्याचा मुलगा आणि नूरपूरचा कुळाचा मुलगा एका मंत्रिमंडळात शेजारी बसले होते, आणि आमच्या ओट्यावर त्यांची दोन माणसं शेजारी बसली होती. ते सरकार महिनाभरही टिकलं नाही. २० ऑगस्टला राजीनामा झाला. पण तो दिवस ओट्यावर खरा होता.

माझ्या डोळ्यांनी पाहिलेली पहिली निवडणूक १९७७ ची. आणीबाणीत चरणसिंह तुरुंगात होते. मार्च १९७६ मध्ये सुटल्यावर उत्तर प्रदेश विधानसभेत त्यांनी काही तास चाललेलं भाषण केलं. गावांत नसबंदीची धास्ती अशी की माणसं रात्री उसात झोपायला जात. त्यातूनच ऑक्टोबर १९७६ मध्ये मुझफ्फरनगरला गोळीबार झाला. त्यानंतर आलेल्या निवडणुकीत पैसा नव्हताच. फॅक्टरीतले लोक उघड बोलत नसत, सरकारी नोकरी. पण आम्ही मुलं पत्र्याचे हलधरचे बिल्ले खिशात लपवून शाळेत नेत असू. आमचं मुरादनगर तेव्हा हापूड मतदारसंघात. तिथून हलधरवर कुंवर महमूद अली खान उभे होते आणि ताऊजींच्या जाटांच्या गावाने त्यांच्यासाठी बुग्ग्या जुंपल्या. रेड्याची बुग्गी, तिच्यात सतरंजी, वर बसलेल्या म्हाताऱ्या, अशा रांगा मतदानाला चाललेल्या मी पाहिल्या. चौधरी साब शेजारच्या बागपतमधून उभे होते. उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी ८५ जागा काँग्रेसने गमावल्या. ताऊजी ही निवडणूक सांगताना म्हणत, त्या वर्षी गावाने उमेदवाराचा प्रचार केला, उमेदवाराला फुरसत कुठे होती.

इथवर सगळं गोड आहे. पण ताऊजींच्या गोष्टींत एक गल्ली कधी आली नाही, आणि ती मला बाबांकडून कळली, तीही त्यांच्या निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी.

बाबांना एका निवडणुकीत मतदान केंद्रावर ड्यूटी लागली होती, बागपत पट्ट्यातल्या एका गावात. गावाचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. व्यवस्था उत्तम, आदल्या रात्री जेवण, सकाळी लस्सी, कुणी आवाज चढवला नाही. दुपारपर्यंत यादीवर खुणा करताना बाबांच्या लक्षात आलं की यादीतला एक सलग भाग कोराच आहे. ती दलितांची वस्ती होती. त्यांनी चौकशी केली तर शांतपणे उत्तर मिळालं की ते लोक कामाला गेलेत. संध्याकाळी मात्र त्या नावांवरही खुणा झालेल्या होत्या. बाबांनी अहवालात लिहिलं. पुढे काय झालं ते त्यांना कळलं नाही. त्या काळात बागपत पट्ट्यातल्या गावांबद्दल अशा तक्रारी वर्तमानपत्रांतूनही येत होत्या.

ज्या चौपालीवर सबंध गाव बसतं असं ताऊजी सांगत, तिच्यावर सबंध गाव कधी बसलेलं नव्हतं. भूमिधरीची सनद ज्यांच्या पेटीत आली ते वर बसले. ज्यांना जमीनच नव्हती, ज्यांनी त्याच भूमिधरांच्या शेतात ऊस तोडला, त्यांच्या वाट्याला त्या कायद्यातून फारसं काही आलं नाही. थैलीत त्यांचाही पसाभर गहू असे, हे ताऊजींनीच सांगितलेलं. मी एकदा त्यांना याबद्दल विचारलं. ते बराच वेळ हुक्का ओढत राहिले. मग म्हणाले, "बेट्टा, न्यू ना होणा चाहिए था." असं व्हायला नको होतं. एवढंच. त्यांच्या तोंडून 'आमच्या गावात नव्हतं' असं आलं नाही, याचं मला आजही मोल वाटतं. आणि पहिल्या निवडणुकीतली त्यांच्या आईची गोष्टही त्यांनी त्या दिवशीच सांगितली. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी यादी करणारा दारात आला तेव्हा ती स्वतःचं नाव सांगेना. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच म्हणाली. तिचं नाव गळलं. देशभरात अशा सुमारे २८ लाख स्त्रिया त्या निवडणुकीत यादीतून वगळल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळ उत्तर प्रदेशातल्या. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिकटवलेलं चिन्ह, हे सगळं पाहायला ती नटून केंद्रापर्यंत गेली होती आणि बाहेर थांबून परत आली होती.

माझ्या आजोबांकडे सांगण्यासारखा एकच पुढारी होता, पण तो असा की ताऊजीसुद्धा ऐकताना दूध उतू गेल्यासारखे पुढे सरकत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षाचे. १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि पुढे एकूण अकरा वेळा आमदार झाले. एसटीने हिंडणारा आमदार. आजोबा सांगत, आबासाहेब, म्हणजे गणपतराव, प्रचाराला आले की वाडीवरच्या माणसांना त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नसे. ते एरवीही येतच असत, मयतीला, बारशाला, टँकर आला नाही तर. १९७२ ला ते पडले, १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पडले, आणि दोन्ही वेळा परत निवडून आले. ताऊजींनी विचारलं होतं, पडल्यावर ते गावात आले का? आजोबांचं उत्तर मी ताऊजींना सांगितलं: दुसऱ्या दिवशीच. ताऊजींनी गणपतरावांना कधी पाहिलं नाही, पण त्यांचं नाव ते पुढे नेहमी घेत. 'थारे सांगोलेवाळे' असं म्हणत.

ताऊजी गेले. बाबाही गेले. मी आता गाझियाबादच्या वसुंधरेत राहतो, दिल्लीची गाझीपूर सीमा माझ्या घरापासून जवळ. नोव्हेंबर २०२० च्या शेवटी नव्या कृषी कायद्यांविरुद्ध शेतकरी तिथे येऊन बसले आणि वर्षभर बसले. २८ जानेवारी २०२१ च्या रात्री धरणं उठवायला पोलीस आले, शेतकरी नेते राकेश टिकैत कॅमेऱ्यांसमोर रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गावागावांतून माणसं घरचं पाणी घेऊन आली. कुणी माठात, कुणी कॅनमध्ये. त्या दिवसांत मी तिथे जात असे. ट्रॉल्यांवर गावांची नावं, कुठल्या गावाची पाळी कधी याचं वेळापत्रक, मट्ठ्याचे पिंप, गुळाच्या भेल्या, म्हाताऱ्यांसाठी मूढे. ताऊजींचा नातूही पाळीने येई. ज्या रस्त्यावर मी रोज गाड्यांच्या रांगेत अडकतो त्या रस्त्यावर मला थैली, चौपाल, भजनोपदेशक सगळं भेटलं.

आणि तरीही, हेच राकेश टिकैत २००७ मध्ये खतौलीतून विधानसभेला आणि २०१४ मध्ये अमरोह्यातून लोकसभेला उभे राहिले तेव्हा पडले होते. लोक दिल्लीत त्याची थट्टा करत. मला तसं वाटत नाही. गाव माणसाला पाणी देतं ते वेगळ्या हिशोबाने आणि मत देतं ते वेगळ्या. हा हिशोब गावाचा आहे आणि तो गावाच्याच हाती राहिला तर त्यात वाईट काही नाही. २०१४ मध्येच बागपतेत चरणसिंहांचे चिरंजीव अजित सिंह पडले आणि मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले सत्यपाल सिंह निवडून आले. मोदीनगर तेव्हा बागपत मतदारसंघात आलं होतं. ताऊजींच्या घरात त्या रात्री चूल पेटली नव्हती, असं नातवाने सांगितलं. मत मात्र त्या घरात दोन्हीकडे गेलं होतं.

२०२४ मध्ये चौधरी साबांना भारतरत्न जाहीर झालं. २६ एप्रिलला गाझियाबाद आणि बागपत दोन्हीकडे मतदान होतं. बागपतच्या उमेदवारांत, कित्येक दशकांनी पहिल्यांदाच, त्यांच्या घराण्यातलं कुणी नव्हतं. मतदानाच्या आधी मी गावात गेलो. आता मुरादनगरला नमो भारतची गाडी थांबते, साहिबाबादहून काही मिनिटांत पोचतो. कालव्यावरचा पूल रुंद झालाय. चौपालीवर टाइल्स आहेत, पंखे आहेत. मूढे नाहीत, प्लास्टिकच्या खुर्च्या. उमेदवाराच्या माणसांनी आणलेल्या.

जेवणही त्यांचंच होतं. पुरी, भाजी, बूंदी. नातू म्हणाला, आता हेच आहे काका, आता उमेदवार गावाला जेवू घालतो. माणसं जेवत होती आणि सांगत होती की कालच्या गावात पनीर होतं.

पण त्याच दुपारी, जेवणं आटोपल्यावर, वेगळं काही निघालं. लोणीजवळच्या गनौली गावात २०२० मध्ये गावकऱ्यांनी वर्गणीतून वाचनालय काढलं आणि ती कल्पना या भागातल्या कितीतरी गावांनी उचलली. परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींना बसायला जागा, टेबलं, दिवे, पुस्तकं. ताऊजींच्या गावानेही जुन्या पंचायत घरात तसं वाचनालय सुरू केलं होतं. उमेदवाराच्या माणसाने तिथे उन्हाळ्यासाठी एसी आणि इन्व्हर्टर देण्याची तयारी दाखवली, आजच्या आज, गाडीतच आहे म्हणाला. बसलेल्यांत एक मुलगी होती, दलित वस्तीतली, पोलीस भरतीची तयारी करणारी, वाचनालयाच्या वहीचा हिशोब तिच्याकडे. ती चौपालीवरच बसली होती, खुर्चीवर, वही मांडीवर घेऊन. ती म्हणाली, एसी हवाच आहे, पण निवडणुकीनंतर खासदार निधीतून द्या, कागदावर, म्हणजे बिघडला तर कुणाला विचारायचं ते कळेल. आजचं नको, आज घेतला तर तो तुमचा होईल.

यावर गावात वाद झाला. दोन-तीन म्हातारे म्हणाले, मिळतंय तर घ्या, नंतर कोण देतंय. नातू मुलीच्या बाजूने बोलला. उमेदवाराचा माणूस घड्याळ पाहत होता, त्याला अजून चार गावं करायची होती. शेवटी ठरलं की एसी परत न्यायचा, वीजबिलाचे चालू महिन्याचे पैसे घरटी वीस रुपयांनी जमवायचे आणि ते आजच, सगळे जमलेत तोवर. वही फिरू लागली. मीही वीस रुपये दिले, आणि मुलीने माझं नाव विचारून लिहून घेतलं, पत्त्याच्या रकान्यात 'महाराष्ट्र' असं. मी म्हटलं, वसुंधरा लिही, इथलाच आहे मी. तिने ते खोडून वसुंधरा लिहिलं आणि वही पुढच्या माणसाकडे सरकवली.